नदीत उतरा, पाय ओले होणार नाहीत!

मित्रांनो, आधी एक कोडं घालतो. नदी आहे, पण पाणी नाही. पूल आहेत, पण पूर नाही. पात्राच्या मधोमध पोरं फुटबॉल खेळतात आणि कुणाचे पायसुद्धा ओले होत नाहीत. सांगा पाहू, ही नदी कुठली?

हरलात? मग उत्तर ऐका. ही तुरिया नदी. स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावर, भूमध्य समुद्राच्या काठी व्हॅलेन्सिया नावाचं शहर आहे. त्या शहराची ही नदी. माद्रिद आणि बार्सिलोना यांच्यानंतर स्पेनमधलं हे तिसरं मोठं शहर. वस्ती सुमारे आठ लाख. स्पॅनिश माणसं त्याला 'बालेन्सिया' म्हणतात बरं का! रोमन लोकांनी इसवी सनापूर्वी १३८ मध्ये हे गाव वसवलं. म्हणजे शहराचं वय झालं २१०० वर्षांहून जास्त. पुढे कित्येक शतकं इथे अरबी बोलणाऱ्या मुसलमान राजांचं राज्य होतं. १२३८ मध्ये अरागॉनचा राजा पहिला जेम्स याने ते जिंकून घेतलं.

एवढ्या जुन्या शहरात बघायला काय कमी असणार? चर्च आहेत, बुरूज आहेत, बाजार आहेत, आणि समुद्र तर आहेच. पण आपण आपली सहल सुरू करणार आहोत ती थेट नदीच्या पात्रातून. भाड्याची सायकल घ्या, डोक्यावर टोपी घाला, पाण्याची बाटली भरून घ्या. आई-बाबांनाही एकेक सायकल द्या. रस्ता सपाट आहे, त्यामुळे त्यांनाही दम लागणार नाही!

नदी गेली कुठे?

निघण्याआधी एवढं सांगायलाच हवं, नाहीतर वाटभर तुम्ही विचारत राहाल, 'पण पाणी कुठे गेलं?'

तारीख होती १४ ऑक्टोबर १९५७. त्या दिवशी तुरियाला महापूर आला. एकदा नाही, एकाच दिवसात दोनदा! पहिला लोंढा अंधारात, पहाटे आला. तो ओसरायला लागला, लोकांनी हुश्श केलं, आणि दुपारी त्याहूनही मोठा दुसरा लोंढा शहरात घुसला. काही रस्त्यांवर माणूस बुडेल इतकं पाणी होतं. निदान ८१ माणसं त्यात दगावली. पाणी उतरलं तेव्हा घराघरांत, दुकानादुकानांत चिखलच चिखल. आजही जुन्या गावातून फिरताना काही भिंतींवर छोट्या पाट्या दिसतात. 'पुराचं पाणी इथपर्यंत आलं होतं' असं त्यांवर लिहिलेलं असतं. अशी पाटी दिसली, की तिच्याखाली उभं राहून पाहा. बहुतेक ती तुमच्या डोक्याच्या वर असेल.

या पुरानंतर तेव्हाच्या सरकारने एक अचाट निर्णय घेतला. नदीच हलवायची! शहराच्या दक्षिणेला सुमारे १२ किलोमीटर लांबीचं नवं, रुंद पात्र खणलं. १९६९ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. तुरिया आता शहराला वळसा घालून समुद्राला मिळू लागली, आणि शहराच्या मधोमध उरलं ते कोरडं ठणठणीत जुनं पात्र.

आता या रिकाम्या जागेचं काय करायचं? अधिकाऱ्यांनी ठरवलं, इथून मोठा महामार्ग काढू. गाड्या सुसाट बंदरापर्यंत जातील. पण गावच्या लोकांना ते पटलं नाही. 'नदीचं पात्र आमचं आहे आणि आम्हाला ते हिरवं हवं आहे,' अशी घोषणा त्यांनी दिली. माणसं हटून बसली. शेवटी १९७६ मध्ये राजा हुआन कार्लोस याने ही जागा शहराला देऊन टाकली. १९८० नंतरच्या काळात टप्प्याटप्प्याने तिथे झाडं लावली गेली. आज तिथे सुमारे ९ किलोमीटर लांबीची बाग आहे. तिच्यावरून १८ पूल जातात. खाली मुलं खेळतात, वरून गाड्या धावतात.

विचार करा, लोक गप्प बसले असते तर आज आपण सायकली घेऊन कुठे आलो असतो? महामार्गावर सायकल कोण चालवू देणार!

हंसाच्या होड्या आणि तुसात दडलेली चित्रं

चला, पश्चिमेच्या टोकापासून सुरुवात करू. इथे काबेसेरा नावाचा बगीचा आहे आणि त्यात एक तळं. तळ्यात हंसाच्या आकाराच्या होड्या असतात. पायांनी पायडल मारायचं की हंस निघाला! शेजारीच २००८ मध्ये सुरू झालेलं 'बायोपार्क' हे प्राणिसंग्रहालय आहे. तिथे पिंजऱ्याच्या गजांऐवजी पाणी, खडक आणि झाडी यांची कुंपणं केली आहेत. त्यामुळे आफ्रिकेतले प्राणी आपल्यासमोर मोकळेच फिरताहेत असं वाटतं.

तिथून पूर्वेकडे पायडल मारत निघालात, की थोड्या वेळाने उजव्या हाताला दोन भक्कम बुरूज दिसतील. हे सेरानोसचे बुरूज. १३९२ ते १३९८ या सहा वर्षांत बांधलेले. पूर्वी शहराभोवती तट होता आणि हा त्याचा मुख्य दरवाजा. गंमत म्हणजे समोरून हे बुरूज एवढे दणकट, पण मागे जाऊन पाहिलंत तर मागची बाजू चक्क उघडी! आतले मजले आणि जिने बाहेरूनच दिसतात.

या बुरुजांनी एकदा फार मोठी राखण केली आहे. १९३६ मध्ये स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटलं. माद्रिदवर बॉम्ब पडू लागले. तिथल्या प्रादो संग्रहालयात जगातली एकाहून एक मोलाची चित्रं होती. ती वाचवायची कशी? मग ती गाड्यांत भरून व्हॅलेन्सियाला आणली आणि याच बुरुजांत ठेवली. छत कोसळलं तरी चित्रांना धक्का लागू नये म्हणून वर काँक्रीटचा जाड थर घातला. त्या थरावर काय पसरलं असेल, सांगा? भाताची तुसं! सुमारे मीटरभर जाडीचा तुसांचा थर. बॉम्बचा हादरा बसला तर तो या गादीने शोषून घ्यावा, अशी युक्ती. आता या शहरात एवढी तुसं आली कुठून, हा प्रश्न मनात ठेवा. उत्तर संध्याकाळी मिळेल.

पायाने बोट दाखवणारे न्यायाधीश

सायकली इथेच लावा. आता जुन्या गावात पायी जाऊ. कॅथेड्रल म्हणजे इथलं मुख्य चर्च. त्याच्या मनोऱ्याचं नाव मिकालेट. २०७ पायऱ्या आहेत आणि जिना गोल गोल, अरुंद. वर पोचेपर्यंत डोकं गरगरतं, पण वरून अख्खं शहर दिसतं. लाल कौलं, चर्चचे निळे घुमट आणि लांबवर समुद्राची निळी रेघ.

तुमची सहल गुरुवारी असेल तर फारच उत्तम. दुपारी बाराच्या आत खाली उतरा आणि कॅथेड्रलच्या 'प्रेषितांच्या दारा'पाशी जाऊन उभे राहा. बाराचे ठोके पडले, की काळे डगले घातलेली आठ माणसं गोलात मांडलेल्या खुर्च्यांवर येऊन बसतात. हे व्हॅलेन्सियाचं पाण्याचं न्यायालय! तुरियाचं पाणी आठ कालव्यांतून आजूबाजूच्या शेतांना मिळतं. प्रत्येक कालव्याच्या शेतकऱ्यांनी आपल्यातलाच एक जण निवडून दिलेला असतो. हे आठ जण वकील नव्हेत, शेतकरीच. कुणी पाळी नसताना पाणी घेतलं, कुणी कालवा साफ ठेवला नाही, कुणाच्या पाण्याने शेजाऱ्याचं शेत बुडालं, असली भांडणं ते सोडवतात.

इथे कागद नाही, पेन नाही, वकील नाही. सगळं तोंडी. अध्यक्ष कुणाची बोलायची पाळी आहे ते हाताने नाही, पायाने दाखवतो! निकाल तिथल्या तिथे, आणि तो सगळ्यांनी मानायचा. ही रीत सुमारे हजार वर्षं चालत आली आहे असं तिथे मानतात. २००९ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारशाचा मान दिला. पुष्कळ गुरुवारी तक्रारच नसते. मग एकेका कालव्याचं नाव पुकारतात, कुणी पुढे येत नाही आणि पाच-दहा मिनिटांत न्यायालय उठतं. बघायला जमलेले पाहुणे जरा हिरमुसतात. पण पाण्यावरून भांडण नाही, यापेक्षा चांगली बातमी कुठली?

आता पोटात कावळे ओरडू लागले असतील. जवळच मध्यवर्ती बाजार आहे. १९२८ मध्ये सुरू झालेली ही लोखंड, काच आणि रंगीत फरश्यांची देखणी मंडई. फळांच्या राशी, मासळी, चीज, मसाले, आणि ढीगच्या ढीग संत्री. संत्र्यावरून आठवलं. स्पॅनिशमध्ये संत्र्याला 'नारान्हा' म्हणतात. ओळखीचा वाटतो ना शब्द? आपल्या संस्कृतातला 'नारंग' फारशीत गेला, तिथून अरबीत आणि अरबांबरोबर स्पेनला पोचला. आपण 'नारिंगी रंग' म्हणतो तो याच घरातला. एक सूचना मात्र ऐका. इथे रस्त्याकडेलाही संत्र्यांची झाडं असतात, पण त्यांतली बरीचशी कडू जातीची. मोह आवरा, नाहीतर तोंड वाकडं होईल!

बाजारासमोरच रेशमाची जुनी पेठ आहे, 'लोन्हा दे ला सेदा'. १४८२ मध्ये तिचं बांधकाम सुरू झालं. आतले उंच खांब दोरीला पीळ घातल्यासारखे वळत वळत छतापर्यंत जातात. भिंतीवर वर, सगळ्या दालनाभोवती लॅटिन भाषेत एक मजकूर कोरला आहे. जो व्यापारी खोटं बोलत नाही, शब्द मोडत नाही, त्याचं भलं होईल, असा त्याचा आशय. हिशोबाच्या खोलीत असा उपदेश डोळ्यांसमोर असला म्हणजे वजनात मारायला हात धजणार नाही, नाही का?

ऊन तापलं असेल तर 'ओर्चाता' प्या. दिसायला दुधासारखी पांढरी, गार आणि गोड, पण तिच्यात दूध नसतं. 'चुफा' नावाच्या गवताच्या मुळाशी हरभऱ्याएवढ्या गाठी येतात. त्या भिजवून, वाटून, गाळून हे पेय करतात. हे गवत म्हणजे आपल्या शेतातल्या लव्हाळ्याचं भावंड. आपला शेतकरी लव्हाळा उपटून उपटून कंटाळतो आणि इकडे त्याच्या भावंडाची मुद्दाम शेती करतात! ओर्चाताबरोबर 'फार्तोन' नावाचा लांबट, मऊ, गोड पाव मिळतो. तो बुडवून खायचा. आपण चहात खारी बुडवतो तसा.

गलिव्हरच्या अंगाखांद्यावर

पोट भरलं? मग परत नदीत. आता एकामागून एक पूल येतील. त्रिनिदाद पूल सगळ्यांत जुना, सहाशे वर्षांचा. पुढे एक पांढराशुभ्र पूल आहे. त्याचा आकार केसांत खोवायच्या कंगव्यासारखा, म्हणून लोकांनी त्याला 'कंगवा' असंच नाव ठेवलंय. त्यानंतर फुलांचा पूल. त्याच्या दोन्ही बाजूंना हजारो कुंड्या. खालून जाताना एका क्षणी लक्षात येतं, की आपण त्या जागी आहोत जिथे कधीकाळी पाणी वाहत होतं आणि डोक्यावरची कमान पाण्यासाठी बांधली होती.

आणि मग येतो गलिव्हर! जोनाथन स्विफ्टची 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स' ही गोष्ट तुम्हाला माहीत असेल. बोट फुटून गलिव्हर लिलिपुटच्या किनाऱ्याला लागतो, झोपतो आणि जागा होतो तेव्हा बोटभर उंचीच्या माणसांनी त्याला दोऱ्यांनी बांधून टाकलेलं असतं. तोच गलिव्हर इथे पात्रात उताणा पडला आहे. लांबी ७० मीटर! १९९० मध्ये हे खेळाचं मैदान सुरू झालं. त्याच्या हातांवर जिने आहेत, पायांवर घसरगुंड्या आहेत, कोटाच्या घड्यांतून खाली सुर्रकन येता येतं. त्याला बांधलेल्या दोरांना धरून वर चढायचं. वरून पाहिलं तर त्याच्या अंगावर पळणारी मुलं खरोखर लिलिपुटची माणसं वाटतात. तुम्ही घसरगुंडीवर चढलात, की गोष्टीतलं एक पात्र झालात. आणि तिकीट? काही नाही, फुकट. आई-बाबांना मात्र बाकावर बसून राहायचं असेल तर पुस्तक बरोबर द्या. तुम्ही लवकर परत येणार नाही.

पुढे बाग संपता संपता एकदम चित्र बदलतं. पांढऱ्या रंगाच्या, कधी न पाहिलेल्या आकारांच्या इमारती उथळ पाण्यात उभ्या आहेत. ही 'कला आणि विज्ञान नगरी'. सान्तियागो कालात्रावा या व्हॅलेन्सियातच जन्मलेल्या वास्तुकाराने यांतल्या बहुतेक इमारती आखल्या. एक आहे डोळ्याच्या आकाराची. १९९८ मध्ये ती सगळ्यांत आधी उघडली. आत भल्यामोठ्या अर्धगोल पडद्यावर ग्रहताऱ्यांचे आणि निसर्गाचे चित्रपट दाखवतात. पाण्यात तिचं प्रतिबिंब पडलं की अख्खा डोळा पुरा होतो. दुसरी आहे एखाद्या अजस्र प्राण्याच्या सांगाड्यासारखी. हे विज्ञान संग्रहालय. एरवी संग्रहालयात 'हात लावू नये' अशी पाटी असते. इथे उलटं. 'हात न लावण्यास मनाई आहे'! बटणं दाबा, चाकं फिरवा, प्रयोग करा.

तिसरं ठिकाण म्हणजे ओशनोग्राफिक हे मत्स्यालय, युरोपातलं सगळ्यांत मोठं. ते २००३ मध्ये सुरू झालं. काचेच्या बोगद्यातून चालताना डोक्यावरून शार्क जातात तेव्हा भलेभले गप्प होतात. इथे बेलुगा जातीचे पांढरे देवमासे आहेत. जून २०२४ मध्ये त्यांच्यात दोन नव्या पाहुण्यांची भर पडली, प्लोम्बिर आणि मिरांडा. हे दोघं युक्रेनमधल्या खारकीव शहरात राहत होते. तिथे युद्धाचे बॉम्ब जवळ पडू लागले. म्हणून त्यांना आधी ट्रकने आणि मग विमानाने इथे आणलं. ज्या शहराने एकदा चित्रांना आसरा दिला, त्यानेच या वेळी देवमाशांना दिला.

समुद्र, सूर्य आणि खरपुडी

आता समुद्रावर जायलाच हवं. मालवारोसाची चौपाटी चांगली रुंद आणि वाळू मऊ. जुन्या गावाकडून यायचं तर ट्रामही आहे. १९९४ मध्ये ती सुरू झाली. उन्हाळ्यात इथे सूर्य मावळतो रात्री साडेनऊच्या सुमाराला! त्यामुळे पाण्यात खेळायला भरपूर वेळ मिळतो आणि जेवायला बोलावलं तर 'अजून उजेड आहे' हे कारण चालून जातं.

याच वाळूवर होआकिन सोरोया नावाचा चित्रकार कॅनव्हास मांडून बसायचा. १८६३ साली व्हॅलेन्सियात जन्मलेला. दोन वर्षांचा असताना कॉलऱ्याच्या साथीत त्याचे आई आणि वडील दोघंही गेले. मावशीने त्याला वाढवलं. मोठेपणी त्याने सगळ्यांत आवडीने काय रंगवलं? पाण्यात डुंबणारी मुलं, ओल्या अंगावर चमकणारं ऊन. १९१० सालचं त्याचं 'समुद्रकिनाऱ्यावरची मुलं' हे चित्र आज माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. उथळ पाण्यात तीन मुलं पालथी पडली आहेत. बस, एवढंच. पण पाहताना वाटतं, आत्ता यांतला एखादा वळेल आणि आपल्यावर पाणी उडवेल.

मार्च महिन्यात आलात, तर तुम्हाला घरची आठवण येईल. आपली होळी साधारण त्याच सुमाराला असते ना? इथे 'फायास' असतो. गल्लीगल्लीत लाकूड, कागदाचा लगदा आणि हलक्या साहित्याचे प्रचंड पुतळे उभारतात. कुणा पुढाऱ्याची टर उडवलेली असते, कुणा बढाईखोराची. मुलांच्या पुतळ्यांची वेगळी, छोटी मांडणी असते. दुपारी दोन वाजता चौकात फटाक्यांची अशी माळ उडवतात, की जमीन हादरते. आणि १९ मार्चच्या रात्री वर्षभर खपून केलेले हे सगळे पुतळे पेटवून देतात! फक्त लोकांनी मतं देऊन निवडलेल्या पुतळ्यांना माफी मिळते. ते संग्रहालयात जातात. बाकी सगळ्यांची राख. सकाळी रस्ते झाडून स्वच्छ, आणि लोक पुढच्या वर्षीच्या तयारीला मोकळे.

आता तुसांचं कोडं सोडवू. शहराच्या दक्षिणेला सुमारे १० किलोमीटरवर अल्बुफेरा नावाचं सरोवर आहे. हे नावही अरबी, अर्थ 'छोटा समुद्र'. सरोवर पसरट, पण खोली जेमतेम एक मीटर. आणि चहूकडे भातशेती! अगदी आपल्या कोकणातल्यासारखी, पाण्याने भरलेली खाचरं. स्पेनचा प्रसिद्ध भात 'पाएया' याच भागातला. पसरट कढईत कोंबडी, ससा, शेंगा आणि केशर घालून हा भात शिजवतात. शाकाहारी मंडळींनी 'भाज्यांचा पाएया' मागावा. पाएया हे खरं तर त्या कढईचंच नाव. ढवळायचं नाही, त्यामुळे तळाला खरपुडी धरते. तिला 'सोकार्रात' म्हणतात, आणि ती कुणाला मिळायची यावरून तिकडेही घराघरांत भांडणं होतात. आपल्याकडे आजीच्या पातेल्यातल्या खरपुडीवरून होतात तशीच! जेवून झालं, की सूर्यास्ताला सरोवरात होडीतून फिरून या. पाणी केशरी, बगळे पांढरे, आणि कुणी मोठ्याने बोलू नये असं वाटतं.

पाणी वाट विसरत नाही

पण मित्रांनो, शहरातून अल्बुफेराकडे जाताना वाटेत एक पूल लागतो. तिथे जरा थांबू.

खाली काँक्रीटचं रुंद पात्र आहे. हेच ते तुरियाचं नवं पात्र. एरवी त्यात फारसं पाणी नसतं, त्यामुळे कुणी वळूनही बघत नाही. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी शहराच्या पश्चिमेला डोंगरांत असा पाऊस कोसळला, की तुरिस नावाच्या गावी एका दिवसात ७७० मिलिमीटरहून जास्त पाणी पडलं. नव्या पात्रातून लोंढा धडाडत गेला आणि मुख्य शहर वाचलं. १९५७ नंतर केलेलं काम ६७ वर्षांनी उपयोगी पडलं.

मात्र पात्राच्या पलीकडे, दक्षिणेला पायपोर्ता, कातारोहासारखी गावं आहेत. तिथून पोयो नावाचा ओढा जातो. वर्षातले बहुतेक दिवस कोरडा. त्याच्या काठाने हळूहळू घरं झाली, दुकानं झाली, गाड्या उभ्या राहू लागल्या. त्या संध्याकाळी ओढ्याने आपली जागा परत मागितली. कित्येक ठिकाणी तर पाऊसही पडत नव्हता, पाणी वरून आलं. लोकांच्या फोनवर सावधानतेचा इशारा आला तो रात्री आठनंतर. तोवर पुष्कळ घरांत पाणी शिरलं होतं. व्हॅलेन्सिया प्रांतात २२० हून अधिक माणसं गेली. शहराच्या हद्दीतल्याच, पण पात्राच्या दक्षिणेला असलेल्या ला तोर्रेसारख्या वस्त्याही बुडाल्या.

पुढे जे घडलं तेही सांगायला हवं. नव्या पात्रावरून पायी जाणाऱ्यांसाठी एक साधा पूल आहे. दोन-तीन दिवसांत त्या पुलावर माणसांची रांगच रांग लागली. हजारो लोक शहरातून पलीकडे निघाले होते. खांद्यावर फावडी, हातात झाडू, बादल्या, पाण्याच्या बाटल्या, डबे. कॉलेजची मुलं-मुली होती, म्हातारी माणसं होती. गुडघाभर चिखलात ते दिवसभर राबायचे आणि संध्याकाळी चिखलाने माखून परतायचे. लोकांनी त्या पुलाला 'एकजुटीचा पूल' म्हणायला सुरुवात केली.

म्हणून हे शहर पाहताना दोन्ही पात्रं पाहा. जुन्या पात्रात गलिव्हरवर मनसोक्त खेळा. ती बाग लोकांनी मागून घेतली आहे. आणि नव्या पात्राच्या पुलावरून जाताना क्षणभर थांबा. नदी हलवता येते, पण पाऊस हलवता येत नाही. एका बाजूचं पाणी वळवलं तरी दुसऱ्या बाजूला ओढा असतोच, आणि त्याच्यासाठी जागा ठेवावीच लागते.

व्हॅलेन्सियाला जायचा योग येईल तेव्हा येईल. तोवर एक काम घरबसल्या करता येईल. तुमच्या गावात नदी असेल, ओढा असेल, निदान नाला तरी असेलच. या रविवारी आई-बाबांबरोबर तिथपर्यंत चालत जा. आजी-आजोबांना विचारा, 'सगळ्यांत मोठा पूर आला तेव्हा पाणी कुठवर आलं होतं?' ती जागा स्वतः जाऊन पाहा. तिथे आज काय आहे, खेळाचं मैदान, घर की कचऱ्याचा ढीग, तेही टिपून घ्या.

आणि हो, आम्हाला पत्राने कळवायला विसरू नका!